हिवाळ्यात समुद्राकाठी

फुलसावंगीच्या शिवारात पाऊस पडतो. त्याचं पाणी नाल्याला जातं. नाला पुढे पैनगंगेचा होतो. इथवर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण पुढे ते पाणी कुठे जातं?

पैनगंगा वर्धा नदीला मिळते. वर्धा वैनगंगेला मिळते. दोघींची मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीत शिरते. आणि गोदावरी आंध्र प्रदेशातून वाहत वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आपल्या बांधावरून निघालेलं पाणी शेवटी समुद्रात पोचतं. आपण मात्र पुष्कळ वेळा पोचत नाही!

त्यात आपला दोष नाही. आपलं गाव जमिनीच्या अगदी मधोमध आहे. पश्चिमेला जा की पूर्वेकडे जा, समुद्र सरळ रेषेत धरला तरी पाचशे किलोमीटरांच्या आसपास लांब. म्हणून आपल्या भागात साठी उलटलेली माणसं भेटतात, ज्यांनी पंढरपूर पाहिलं, माहूर तर दहा वेळा केलं, पण समुद्र फक्त चित्रात पाहिला.

आता मात्र दिवस पालटले आहेत. तुरी निघाल्या, कापसाचे वेचे आटोपले, हाती थोडा पैसा आला, की तरुण मंडळी म्हणतात, "चला, गोव्याला जाऊ." दहा-बारा जण मिळून जीप करतात. कुणी रेल्वेनं जातात. कुणी म्हाताऱ्या आईबापांनाही नेतात. ही चांगली गोष्ट आहे. माणसानं समुद्र पाहावा. पण समुद्र ही नदी नव्हे आणि तलावही नव्हे. त्याची रीत निराळी आहे. ती रीत जाण्याआधी समजून घ्यायला हवी. ती न कळल्यामुळे चांगली पोहणारी माणसंही बुडाली आहेत.

हिवाळ्यातच का जायचं?

पौष महिन्यात आपल्याकडे पहाटे हातपाय गारठतात. पारा कधी कधी १० अंशांच्याही खाली उतरतो. शेकोटीशिवाय बसवत नाही. त्याच दिवसांत गोव्यात पणजीला गेलं, तर रात्री साधी चादर पुरते. रात्री २० अंशांच्या आसपास आणि दुपारी ३१-३२ अंश. ऊन पडतं, पण ते अंग भाजत नाही. वारा असतो, पण तो झोंबत नाही. असं का व्हावं?

याचं उत्तर आपल्या विहिरीत आहे. थंडीत पहाटे विहिरीचं पाणी काढलं तर ते कोमट लागतं. बाहेरची जमीन, दगड, नांगराचा फाळ सगळं गार पडलेलं असतं. पाणी मात्र ऊब धरून असतं. पाणी सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं. आता एवढ्याशा विहिरीचं असं, तर समुद्राचं काय! उन्हाळाभर खाल्लेलं ऊन तो हिवाळ्यात हळूहळू परत देतो. म्हणून किनाऱ्यावरचं गाव थंडीत फार गारठत नाही आणि उन्हाळ्यात आपल्या यवतमाळासारखं भाजून निघत नाही.

वाऱ्याचंही असंच. दिवसा जमीन लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते. मग समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला जमिनीकडे येते. हे झाले खारे वारे. रात्री उलट होतं. जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो, आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याला मतलई वारे म्हणतात. कोळी लोक फार जुन्या काळापासून या वाऱ्यांच्या भरवशावर शिडाची होडी हाकत आले. पहाटे मतलईवर बाहेर जायचं, दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं. फुकटचा बैलच म्हणा ना!

गोव्याच्या किनाऱ्यावर गेलात तर गोरे परदेशी लोक दिसतील. ते उन्हात अंग टाकून तासन्‌तास पडलेले असतात. आपल्या माणसाला याचं मोठं नवल वाटतं. आपण जन्मभर सावली शोधायची आणि हे एवढ्या लांबून ऊन खायला येतात! पण त्यांच्या देशातली थंडी ऐकाल तर नवल वाटणार नाही.

पृथ्वी भोवऱ्यासारखी फिरते, पण ती थोडी कललेली आहे. डिसेंबरात तिचा वरचा भाग सूर्यापासून दूर कललेला असतो. २१-२२ डिसेंबरला आपल्याकडे वर्षातला सगळ्यात लहान दिवस असतो. तरी पणजीला त्या दिवशी सव्वाअकरा तास उजेड असतो. लंडन शहरात तो जेमतेम आठ तास असतो. रशियात मॉस्कोला सुमारे सातच तास. तोही बहुतेक दिवस ढगांआड. सकाळी अंधारात कामाला जायचं आणि अंधारातच परत यायचं. ऊन अंगावर पडलं नाही तर शरीरात 'ड' जीवनसत्त्व कमी पडतं, हाडं दुबळी होतात, मन उदास होतं. अशा माणसाला जानेवारीतलं गोव्याचं ऊन म्हणजे दिवाळीच.

हे लोक पूर्वी इतके येत नसत. गोव्यावर १५१० पासून पोर्तुगिजांचं राज्य होतं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत लांब केसांचे, झोळी अडकवलेले परदेशी तरुण हणजूण आणि कळंगुटच्या किनाऱ्यांवर येऊन राहू लागले. लोक त्यांना हिप्पी म्हणत. पुढे प्रवाशांसाठी खास ठरवलेली विमानं युरोपातून थेट गोव्यात उतरू लागली. ३० मे १९८७ रोजी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. आता तिथे दोन विमानतळ आहेत, एक दाबोळीला आणि दुसरा मोपाला. मोपाहून २०२३ सालापासून विमानं सुटतात.

ते उन्हात पडले म्हणून आपण त्यांच्याभोवती घोळका करून उभं राहू नये. त्यांचे फोटो काढू नयेत. एखादी परदेशी बाई आपल्या घाटावर आली आणि आपल्या लेकीबाळी अंघोळ करताना फोटो काढू लागली, तर आपल्याला काय वाटेल? एवढं मनात आणलं की पुरे.

जायचं कसं?

आधी एसटीनं नांदेड गाठावं. नांदेडहून मुंबईला देवगिरी, तपोवन, नंदीग्राम अशा गाड्या जातात. स्टेशनवर पिवळी मोठी पाटी असते. तिच्यावर गावाचं नाव असतं आणि खाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासून उंची लिहिलेली असते. आता वाचता येतं, तेव्हा ती जरूर वाचा. नांदेडचा आकडा तीनशे मीटरांच्या वर आहे. मुंबईला उतराल तिथे तो अगदी लहान झालेला दिसेल. एवढं आपण रातोरात खाली उतरलो!

मुंबईहून कोकण रेल्वेनं गोव्याला जायचं. ही रेल्वे १९९८ साली सबंध सुरू झाली. रात्रीची कोकणकन्या धरली तर सकाळी गोवा येतं. दिवसाची मांडवी धरली तर बोगदे, पूल, माडाच्या बागा पाहत जाता येतं. पणजीसाठी करमळी स्टेशनवर उतरावं. तिथून पणजी दहा-बारा किलोमीटर आहे. गोव्यातल्या सरकारी एसटीला 'कदंब' म्हणतात. भाषेची भीती नको. तिथली बोली कोकणी आहे, पण मराठी वाचणारे, बोलणारे लोक जागोजाग भेटतात. मंगेशीला देवळात गेलात तर आपल्या गावात आल्यासारखंच वाटेल.

नाताळ ते नवीन साल हा आठवडा मात्र टाळावा. त्या दिवसांत खोलीचं भाडं कुठल्या कुठे जातं आणि किनाऱ्यावर उभं राहायला जागा नसते. जानेवारी सरता सरता किंवा फेब्रुवारीत जावं. आपल्या शेतीच्या कामालाही ते बरं पडतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो. १ जून ते ३१ जुलै कोळ्यांनाही यांत्रिक होड्या घेऊन मासेमारीची बंदी असते. ज्या पाण्यात कोळी जात नाही, त्यात आपण कशाला जावं?

पणजी मांडवी नदीच्या मुखाशी वसली आहे. शहरापासून तीनेक किलोमीटरवर मिरामारची पुळण आहे. पुळण म्हणजे समुद्राकाठची वाळू. आपण रेती म्हणतो तीच. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी इथेच आहे. उत्तरेला कळंगुट, बागा, हणजूण आणि दक्षिणेला मडगावजवळ कोलवा, बाणावली अशा लांबच लांब पुळणी आहेत.

पहिल्यांदा समुद्र पाहिला की माणूस बोलायचं विसरतो. पलीकडचा काठच दिसत नाही! पाणी आणि आभाळ जिथे टेकतात ती रेघ पाण्याच्या कडेला उभ्या माणसापासून साडेचार-पाच किलोमीटरच लांब असते. त्याच्या पलीकडे पृथ्वीच्या गोलाईमुळे दिसत नाही. दूरवर जाणारं जहाज पाहत राहा. आधी त्याचं पोट बुडाल्यासारखं दिसेल, मग वरचा भाग, आणि शेवटी डोलकाठी. जहाज बुडालेलं नसतं. ते गोलाईपलीकडे उतरलेलं असतं.

पाणी येतं आणि पाणी जातं

आता मुख्य गोष्ट. ही सावकाश वाचा. हवी तर दोनदा वाचा.

नदी एकाच दिशेनं वाहते. तलाव एका जागी थांबलेला असतो. समुद्राचं पाणी मात्र दिवसातून दोनदा वर चढतं आणि दोनदा खाली उतरतं. चढतं ती भरती. उतरतं ती ओहोटी. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे साडेबारा तास जातात. म्हणजे सहा-सव्वासहा तास पाणी चढत राहतं आणि तेवढाच वेळ उतरत राहतं.

हे कोण करतं? मुख्यतः आपला चांदोमामा! चंद्र पृथ्वीवरचं पाणी आपल्याकडे ओढतो. जी बाजू चंद्रासमोर असते तिथे पाणी फुगतं. आणि गंमत अशी, की तिच्या बरोबर पाठीमागच्या बाजूलाही फुगतं. पृथ्वी दिवसातून एकदा फिरते, म्हणून प्रत्येक किनाऱ्याला दिवसातून दोन वेळा फुगवटा भेटतो. सूर्यही पाणी ओढतो, पण त्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहून कमी पडते. अमावस्येला आणि पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत येतात. दोघांची ओढ एक होते. मग मोठी भरती येते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघे आडवेतिडवे ओढतात. तेव्हा भरती लहान असते. तिला भांगाची भरती म्हणतात.

चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा उगवतो, हे आपण रात्री जागल करताना पाहिलेलं असतं. भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. यावरून कोकणातल्या जुन्या माणसांनी एक सोपा हिशेब बसवला आहे. आजची तिथी घ्या. तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल, तितके वाजता भरती पुरी होते.

करून पाहू. आज चतुर्थी आहे. चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती पुरी होणार. सकाळी नऊला आणि रात्री नऊला ओहोटी पुरी होणार. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. पौर्णिमा किंवा अमावस्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच.

पंचांग पाहण्याची आपल्याला सवय आहेच. तिथी पाहून पेरणी करतो, लग्न काढतो. तेच पंचांग समुद्राकाठी घड्याळाचं काम करतं. पण हा हिशेब ढोबळ आहे. गावागणिक तासभर इकडे-तिकडे होतो. म्हणून किनाऱ्यावर पोचल्यावर तिथल्या कोळ्याला किंवा जीवरक्षकाला विचारावं, "भाऊ, पाणी चढतं आहे की उतरतं आहे?" या प्रश्नाला पैसा पडत नाही.

मुंबईला उधाणाच्या वेळी पाणी चार मीटरांहूनही अधिक चढतं. म्हणजे एका मजल्याहून जास्त. गोव्यात ते दोन मीटरांच्या आसपास चढतं. कोणी म्हणेल, दोन मीटर म्हणजे काय मोठं? पण पुळण सपाट असते. सपाट रानात पुराचं पाणी कसं पसरतं, ते आठवा. दोन मीटर पाणी चढलं की ते साठ-सत्तर पावलं आत येतं. मगाशी ज्या खडकावर चालत गेलो, त्याच्या चारी बाजूंना पाणी होतं. ओली वाळू पाहून कोणी जीप पाण्याच्या कडेला नेतात. चाक रुततं. काढता काढता भरती येते आणि गाडी पाण्यात जाते. असे प्रकार कोकणात आणि गोव्यात पुन:पुन्हा झाले आहेत. पुळणीवर गाडी घालायला मनाईच आहे.

पोहता येतं, तरी

आपल्याकडचा एखादा गडी म्हणेल, "पाणी तं पाणीच असते. मी तं लहानपणापासून विहिरीत उड्या मारतो. मले काय होते?"

त्याला सहस्रकुंड आठवायला सांगावं. पावसाळ्यात तिथे कड्याखाली कोणी पोहायला उतरतो का? नाही. कारण तिथे पाण्याचा जोर डोळ्यांना दिसतो. समुद्राचा जोर दिसत नाही, एवढाच फरक.

लाट किनाऱ्यावर येते, फुटते, आणि ते पाणी परत जाऊ लागतं. सगळीकडून सारखं परत जात नाही. जिथे वाळूत खोलगट वाट असेल, तिथे ते एकवटतं. शेतातलं पाणी जसं सगळीकडून येऊन बांध फुटलेल्या जागेतून धावतं, तसंच. समुद्रातली अशी वाट दहा-वीस पावलं रुंद असते. तिच्यातून पाणी आत, खोल समुद्राकडे धावत असतं. चांगल्या पोहणाऱ्यापेक्षाही त्याचा वेग जास्त असू शकतो.

आणि फसवणूक अशी, की ही वाट वरून शांत दिसते. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फेसाच्या लाटा फुटत असतात आणि मधेच एक गडद, संथ पट्टा दिसतो. नवखा माणूस म्हणतो, "इथे लाटा नाहीत, इथेच उतरू." नेमका तिथेच उतरू नये.

तरीही कोणी सापडलाच तर काय करावं? किनाऱ्याकडे तोंड करून जोर लावू नये. त्या पाण्याशी झुंजून दम संपतो आणि माणूस दमूनच बुडतो. आधी उताणं होऊन तरंगावं. खाऱ्या पाण्यात अंग विहिरीपेक्षा हलकं असतं, तरंगायला सोपं जातं. एक हात वर करून हाक मारावी. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, डावीकडे किंवा उजवीकडे पोहावं. पट्टा अरुंद असतो. तो ओलांडला की ओढ सुटते. मग लाटांबरोबर बाहेर यावं. बैल उधळला तर आपण समोर उभे राहत नाही, बाजूला होतो. तसंच हे आहे.

बुडणाऱ्याला वाचवायला त्याच्यामागे उडी मारू नये. हे लिहिताना हात जड होतो, कारण पोटचं पोर बुडताना कोण काठावर उभं राहील? पण एकामागून एक अशीच माणसं जातात. दोर, रिकामा प्लास्टिकचा डबा, गाडीची हवा भरलेली ट्यूब, जे तरंगेल ते फेकावं आणि जीवरक्षकाला हाक मारावी.

१ फेब्रुवारी २०१६ ची गोष्ट आहे. पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल रायगड जिल्ह्यात मुरुडला गेली होती. हिवाळ्याचे दिवस, लख्ख ऊन. त्या दिवशी अमावस्याही नव्हती आणि पौर्णिमाही नव्हती. मुलं-मुली पाण्यात उतरली. त्या दुपारी १४ विद्यार्थी बुडून मेले. शिकलेली, तरुण, धडधाकट मुलं होती. पावसाळ्यातच समुद्र माणूस घेतो असं समजणाऱ्यानं ही तारीख लक्षात ठेवावी.

गोव्यात २००८ सालापासून किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेले आहेत. ते लाल-पिवळे कपडे घालतात. उंच मचाणावर बसून पाण्याकडे पाहत असतात. आपल्या शेतातल्या माळ्यासारखंच ते मचाण असतं, फक्त राखण पाखरांपासून नव्हे, तर माणसांची असते. ते वाळूत झेंडे रोवतात. नुसता लाल झेंडा असेल तर तिथे पाण्यात उतरू नये. अर्धा लाल, अर्धा पिवळा असे दोन झेंडे असतील, तर त्या दोघांच्या मधल्या जागेतच उतरावं. शिट्टी वाजली की बाहेर यावं. "हा कोण मला सांगणारा?" असं म्हणू नये. देवनागरीत पाटी असेल तर ती वाचावी आणि बरोबरच्या न वाचणाऱ्यांना वाचून दाखवावी.

गुडघाभर पाण्यापलीकडे न जाताही समुद्राची सगळी मजा मिळते. लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकते आणि आपणच मागे चाललो आहोत असं वाटतं. लहान मुलं खिदळतात. त्यांचा हात मात्र सोडू नये. पाण्याकडे पाठ करून फोटोसाठी उभं राहू नये. बायकांनी पाण्यात जाताना लुगडं नीट खोचून घ्यावं. ओलं लुगडं पायांत अडकतं आणि लहान लाटही खाली पाडते. काठावर काचेसारखा, लिबलिबीत गोळा पडलेला दिसला तर त्याला हात लावू नये. तो एक जलचर असतो. त्याचा डंख झाला तर आग होते. मेलेलाही डंख करतो. सूर्य मावळला की पाण्यात जायचंच नाही. जीवरक्षकांची पाळी संपलेली असते.

आणि दारू. गोव्यात ती स्वस्त आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्या जीपमधली काही मंडळी तेवढ्यासाठीच आलेली असतात. प्यालेल्या माणसाला पाण्याचा अंदाज राहत नाही, एवढंच सांगतो. बाकी ज्याचं त्यानं पाहावं. किनाऱ्यावर उघड्यावर दारू प्यायली, बाटल्या फोडल्या किंवा चूल मांडून स्वयंपाक केला, तर २०१९ पासून तिथे दंड बसतो. आपल्या लोकांना वाटेत कुठेही तीन दगड मांडून भाकरी थापायची सवय. ती तिथे चालत नाही. आधी विचारून, जागा पाहून काय ते करावं.

सकाळी लवकर उठून पुळणीवर गेलात तर कुठे कुठे रापण पाहायला मिळते. रापण म्हणजे फार लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळ टाकतात. दोन्ही टोकं काठावर आणतात. मग दोन रांगा करून वीस-तीस माणसं ती ओढत राहतात. तास-दोन तास ओढल्यावर जाळं काठाला लागतं. आत बांगडे, तारल्या चांदीसारख्या उडत असतात. मग आलेल्या मासळीची वाटणी होते. मोठमोठ्या यांत्रिक ट्रॉलर-होड्या आल्यापासून रापणीला मासळी कमी मिळते. १९७० नंतर रापणकारांनी त्यासाठी मोठं आंदोलन केलं होतं. आपण शेतकरी. एकाच्या मोठ्या यंत्रानं दुसऱ्याचा धंदा कसा बसतो, हे आपल्याला निराळं सांगायला नको. दोराला हात लावायची इच्छा झाली तर विचारून लावा. ते हसून जागा देतात.

परतताना लोक शंख-शिंपले आणतात. तुम्ही आणखी एक वस्तू आणा. झाकणाच्या बाटलीत एक लिटर समुद्राचं पाणी भरून घ्या. घरी आल्यावर ते स्वच्छ फडक्यानं गाळा आणि पातेल्यात घालून चुलीवर ठेवा. पाणी आटत जाईल. शेवटी तळाला पांढरा थर उरेल. तो खरवडून तोला. सुमारे ३५ ग्रॅम भरेल, म्हणजे दोन मोठे चमचे. एवढं खारट पाणी प्यायलं तर ते मीठ बाहेर टाकायला शरीराला प्यायल्याहून अधिक पाणी खर्चावं लागतं आणि तहान वाढतच जाते. म्हणून समुद्रात भरकटलेला नावाडी चारी बाजूंना पाणी असून तहानेनं मरतो. पातेल्यातलं ते मीठ भाजीत मात्र घालू नका. नुसतं मीठ नसतं ते. त्यात इतर क्षारही असतात, त्यामुळे ते कडवट लागतं. मिठागरात पाणी उन्हात टप्प्याटप्प्यानं आटवून हे कडू पाणी वेगळं काढून टाकतात, आणि मगच मिठाचे ढीग लावतात.